एअरबोट आणि तिचा प्रोपेलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लोरिडा फिरायला येणारी मराठी मंडळी आणि कॉलेजच्या प्रकल्पासाठी छोटी एअरबोट बांधणारी मुलं, या दोघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण, उथळ दलदलीतल्या बोटी डोळ्यांसमोर आहेत. क्रम ठरीव नाही, हवा तो प्रश्न आधी वाचा.

एअरबोट म्हणजे नेमकं काय?

सपाट तळाची, उथळ बोट. तिच्या मागच्या बाजूला उंचावर एक इंजिन, इंजिनाला विमानासारखा प्रोपेलर, त्याभोवती जाळीचा पिंजरा आणि प्रोपेलरच्या मागे उभी सुकाणूची पाती. चालक उंच खुर्चीत बसतो. पाय ॲक्सिलरेटरवर आणि एक हात सुकाणूच्या दांड्यावर असतो. पाण्याखाली काहीही फिरत नाही. प्रोपेलर हवा मागे फेकतो आणि बोट पुढे सरकते. ही बोट उडत नाही, हवेच्या गादीवरही तरंगत नाही. ती पाण्यावर, चिखलावर किंवा गवतावर पोट टेकवून घसरत जाते.

साधी इंजिनाची होडी असताना हा खटाटोप कशासाठी?

कोकणातल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा, होडीच्या पंख्यात जाळं किंवा दोरी अडकली की काय होतं. एव्हरग्लेड्समध्ये ते जाळं निसर्गानेच विणून ठेवलंय. मैलोन्मैल सॉग्रास नावाचं करवतीसारख्या काठाचं गवत, त्यात घोटा-गुडघाभर पाणी आणि खाली चुनखडीचा खडक. पाण्यातला पंखा तिथे दहा मीटरही जाणार नाही. गवतात गुंडाळला जाईल, नाहीतर खडकावर आपटून मोडेल. चालत जावं तर गवत अंग कापतं, आणि सोबतीला मगरींचे भाऊबंद ॲलिगेटर आहेतच. प्रोपेलर पाण्यातून काढून हवेत नेला की हा सगळा प्रश्न मिटतो. बोटीला मग फक्त घसरायला ओलावा लागतो.

या सोयीची किंमत मोठी आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट असतं, त्यामुळे पाण्यातला छोटा पंखाही भरपूर जोर देतो. हवेतून तेवढा जोर काढायचा तर प्रोपेलर माणसाच्या उंचीचा आणि इंजिन विमानाच्या ताकदीचं लागतं. खोल, मोकळ्या पाण्यात एअरबोट वापरणं म्हणजे निव्वळ इंधन जाळणं.

ही कोणी शोधून काढली?

एकाच माणसाचं नाव घेता येत नाही, आणि सुरुवातीच्या लोकांना बोट बनवायचीही नव्हती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल १९०५ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात विमानाच्या प्रोपेलरचे प्रयोग करत होते. विमान अजून हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी दोन जोडनावांच्या सांगाड्यावर इंजिन आणि हवेतला प्रोपेलर बसवला. त्या बोटीचं टोपणनाव ‘अग्ली डकलिंग’. वेग माणसाच्या चालण्याइतका. प्रोपेलर किती जोर देतो हे पाहायचं होतं, ते दिसलं.

विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी १९२० मध्ये फ्लोरिडात ‘स्कूटर’ नावाची सहा जणांची बंद केबिनची बोट नोंदवली. पण आज जी ओबडधोबड, कामाची एअरबोट दिसते ती एव्हरग्लेड्समध्ये बेडूक आणि कातडी यांच्या शिकारीवर पोट भरणाऱ्या लोकांनी १९३० च्या दशकात घडवली. जॉनी लॅम्ब या बेडूक पकडणाऱ्याने १९३३ मध्ये ७५ अश्वशक्तीचं इंजिन बोटीवर चढवलं होतं.

तिसरा धागा थेट यूटा राज्यातला. तिथल्या बेअर रिव्हर पक्षी अभयारण्यात बॉट्युलिझमच्या विषबाधेने बदकं मोठ्या संख्येने मरत होती आणि दलदलीत त्यांच्यापर्यंत पोचायला साधन नव्हतं. १९४३ मध्ये अभयारण्यातल्या लोकांनी १२ फुटी सपाट बोटीवर ४० अश्वशक्तीचं विमानाचं इंजिन बसवलं आणि तिला ‘ॲलिगेटर १’ म्हटलं. यूटात ॲलिगेटर नसतात, पण नाव शोभलं.

पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याने मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात ‘एअरकॅट’ बोटी वापरल्या. २००५ च्या कॅटरिना आणि २०१७ च्या हार्वे वादळानंतर बुडालेल्या वस्त्यांतून माणसं काढायला हौशी लोक आपापल्या एअरबोटी ट्रेलरवर टाकून घेऊन आले, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल.

प्रोपेलर किती जोर देतो? आकड्यांत सांगा.

सगळा मामला किती हवा पकडून किती वेगाने मागे फेकली याचा आहे. प्रोपेलरच्या सिद्धांतात उभ्या बोटीसाठी एक सोपं सूत्र आहे: सर्वाधिक शक्य जोर म्हणजे हवेची घनता, प्रोपेलरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि इंजिनाच्या शक्तीचा वर्ग यांचा गुणाकार, त्याची दुप्पट आणि मग घनमूळ.

लायकमिंग कंपनीचं ओ-३६० हे चार सिलिंडरचं, १८० अश्वशक्तीचं विमानाचं इंजिन घ्या. त्याला ७२ इंची, म्हणजे सुमारे १.८३ मीटर व्यासाचा प्रोपेलर. शक्ती सुमारे १३४ किलोवॅट, वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे २.६३ चौरस मीटर. सूत्रात घातलं की कमाल जोर येतो जवळजवळ ४९० किलोचा. मागे निघणाऱ्या झोताचा वेग ताशी २०० किलोमीटर, म्हणजे मोठ्या चक्रीवादळाचा वारा.

हा कागदावरचा आदर्श झाला. प्रत्यक्षात प्रोपेलरच्या पुढ्यात चालकाची खुर्ची, इंजिन, पिंजऱ्याची जाळी असते, मागे सुकाणू असतं, पात्यांना स्वतःचं घर्षण असतं. त्यामुळे खरा जोर बराच कमी भरतो. पण वरची मर्यादा माहीत असली की कोणी “माझा प्रोपेलर याच इंजिनावर सहाशे किलो ओढतो” असं सांगितलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवता येतं.

इंजिन दुप्पट शक्तीचं लावलं तर जोर दुप्पट होईल?

नाही. व्यास तोच ठेवला तर शक्ती दुप्पट केल्यावर जोर सुमारे ५९ टक्केच वाढतो. उलट शक्ती तीच ठेवून व्यास ७२ वरून ८० इंच केला तर सुमारे ७ टक्के जोर फुकटात मिळतो. भरपूर हवा सावकाश ढकलणं हे थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा कधीही फायद्याचं. मग सगळे शंभर इंची प्रोपेलर का लावत नाहीत? प्रोपेलर मोठा केला की इंजिन उंच न्यावं लागतं, बोटीचा भार वर सरकतो आणि ती उलटायला सोपी होते. शिवाय टोकांच्या वेगाची अडचण आहे.

टोकांच्या वेगाची काय अडचण?

पात्याचं टोक ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की दोन गोष्टी होतात. जोर वाढायचा थांबतो आणि आवाज कानठळ्या बसवणारा होतो. तीस अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. ७२ इंची प्रोपेलर मिनिटाला २,७०० फेऱ्यांनी फिरला तर टोक सेकंदाला सुमारे २५८ मीटरने जातं, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ७४ टक्के. इथपर्यंत ठीक. विमानाची इंजिनं मुळात याच फेऱ्यांसाठी बनवलेली असतात, म्हणून प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, जोडता येतो.

मोटारीचं व्ही-८ इंजिन मात्र पूर्ण ताकद ५,००० फेऱ्यांच्या आसपास देतं. त्याला ८० इंची प्रोपेलर थेट जोडला तर टोक सेकंदाला ५३० मीटरच्या वर जाईल. ध्वनीला मागे टाकून नुसता भडका आवाज आणि फाटायला आलेली पाती! म्हणून मध्ये फेऱ्या कमी करणारा गिअरबॉक्स किंवा पट्ट्याची चाकं लागतात. २:१ गुणोत्तराने प्रोपेलर २,५०० फेऱ्यांवर येतो आणि टोकाचा वेग २६६ मीटर. त्याहून जास्त गुणोत्तर घेतलं तर बोट आणखी शांत होते आणि मोठा प्रोपेलर परवडतो. शांत एअरबोटीचं सगळं गुपित या एका ओळीत आहे, सायलेन्सर नंतर येतो.

पाती दोन चांगली, तीन की सहा?

दोन पाती सर्वांत हलकी, स्वस्त आणि कागदावर सर्वांत कार्यक्षम. १८० अश्वशक्तीपर्यंत दोन किंवा तीन पुरतात. शक्ती वाढली आणि व्यास वाढवायला जागा नसली की ती शक्ती हवेत उतरवायला जास्त पाती, किंवा रुंद पाती, लागतात. त्यामुळे चारशे-पाचशे अश्वशक्तीच्या बोटींवर रुंद कार्बनची तीन-चार पाती दिसतात आणि क्वचित त्याहून जास्त. पाती वाढली की प्रत्येक पातं पुढच्या पात्याने ढवळलेल्या हवेत शिरतं, म्हणून थोडी कार्यक्षमता जाते. आवाजाचा सूरही बदलतो. दोन पात्यांचा फटफटाट कानाला जास्त टोचतो.

एकामागे एक, उलट दिशांना फिरणारे दोन प्रोपेलरही असतात. त्यांचा खरा फायदा असा की एकाच प्रोपेलरमुळे बोटीला जो पीळ बसतो आणि ती एका अंगाला कलते, तो पीळ दोघांत कटतो. पण वजन, किंमत, गिअरची देखभाल सगळंच वाढतं. एवढं अवजड यंत्र वर चढवण्याआधी चालकाची खुर्ची थोडी एका बाजूला सरकवून काम भागतं का पाहा. बऱ्याच जुन्या बोटींत तेच केलेलं असतं.

पिच म्हणजे काय?

प्रोपेलर लाकडात फिरणाऱ्या स्क्रूसारखा हवेत एका फेऱ्यात जितकं अंतर पुढे गेला असता ते अंतर म्हणजे पिच. ४० इंच पिचचा प्रोपेलर २,७०० फेऱ्यांनी फिरला तर हिशेबाने ताशी १६५ किलोमीटर जायला हवा. बोट प्रत्यक्षात पन्नास-साठने जाते, कारण हवा लाकूड नव्हे. उरलेल्या फरकातूनच झोत तयार होतो आणि जोर मिळतो.

पिच जास्त ठेवला तर इंजिन दमतं आणि पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. कमी ठेवला तर इंजिन सुसाट पळतं, पण बोट पाहिजे तशी ओढली जात नाही, वर मर्यादेपलीकडे फेऱ्या गेल्या तर इंजिनही बिघडतं. बोट घट्ट बांधून पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर ठरलेल्या फेऱ्या येतील असा पिच लावतात. आजच्या कार्बन पात्यांत हबचे (पाती जिथे बसवतात त्या मधल्या भागाचे) बोल्ट सैल करून कोन बदलता येतो. सगळ्या पात्यांचा कोन अगदी सारखा यायला हवा, अर्ध्या अंशाच्या फरकानेही बोट थरथरायला लागते. हे काम इंजिन बंद, चावी खिशात आणि बॅटरीची तार सोडवूनच करावं.

लाकडी घ्यावा की कार्बनचा?

लाकडाबद्दल मला जरा जास्त प्रेम आहे, तेव्हा हे उत्तर थोडं सावधपणे वाचा. बर्च लाकडाचे पातळ थर चिकटवून कोरलेले प्रोपेलर एअरबोटीवर कित्येक दशकं चालत आले. या क्षेत्रातलं जुनं नाव सेन्सेनिच. १९३२ मध्ये पेनसिल्व्हेनियात दोन भावांनी सुरू केलेल्या या कंपनीचा लाकडी प्रोपेलरचा कारखाना फ्लोरिडातल्या प्लँट सिटीत आहे. लाकूड कंपनं गिळतं आणि धातूसारखं थकत नाही. त्याचा पुढचा काठ मात्र धातूच्या पट्टीने झाकावा लागतो. पाण्याचे थेंब आणि सॉग्रासचे तुकडे ताशी आठ-नऊशे किलोमीटरने टोकावर आदळतात, तेव्हा उघडं लाकूड एका मोसमात कुरतडलं जातं.

लाकडाची दुसरी खोड म्हणजे दमट हवेत फुगणं आणि कोरड्या हवेत आक्रसणं. त्याबरोबर हबच्या बोल्टची पकड बदलते. ऋतू बदलला की टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळलाय ते दाखवणारा पाना) घेऊन बोल्ट तपासणं हा नेम आहे. तो चुकला तर हबखालचं लाकूड घासून जळतं आणि एक दिवस प्रोपेलर सुटतो.

कार्बनची पाती हलकी असतात, पाहिजे त्या आकारात ओतता येतात, कोन बदलता येतो आणि एक पातं मोडलं तर तेवढंच बदलता येतं. आज नवी मोठी बोट बांधणारे बहुतेक सगळे तिकडेच वळलेत. महाग आहेत. आणि कार्बन आतून फाटला तर वरून दिसत नाही. नाण्याने ठकठक करून आवाज ऐकावा लागतो. कुठे बद्द आवाज आला तर ते पातं उतरवायचं.

ॲल्युमिनियमचा विमानाचा जुना प्रोपेलर स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. छोट्या खाचेपासून चीर सुरू होते आणि धातूचं पातं तुटलं की पिंजरा त्याला रोखत नाही.

इंजिन विमानाचं की मोटारीचं?

विमानाचं इंजिन हलकं, हवेने थंड होणारं, प्रोपेलरसाठीच घडवलेलं. रेडिएटर नाही, म्हणून चिखलगवताने तुंबण्यासारखं काही नाही. उडण्यासाठीची मुदत संपलेली इंजिनं बोटीवर पुढे वर्षानुवर्षं चालतात. पण सुटे भाग विमानाच्या भावाने मिळतात, आणि १८० अश्वशक्तीचं इंजिन बऱ्यापैकी पळवलं तर तासाला चाळीसेक लिटर पेट्रोल पितं.

मोटारीचं व्ही-८ जड, पाण्याने थंड होणारं, पण सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात आणि शक्ती हवी तेवढी. वीस प्रवासी नेणाऱ्या पर्यटनाच्या बोटींवर हेच जास्त दिसतं.

ब्रेक कुठे असतो?

नसतो. उलटा गिअरही बहुधा नसतो. पहिल्यांदा चालवणाऱ्याला घाम फुटतो तो याच गोष्टीने, म्हणून जरा थांबून सांगतो.

सुकाणूची पाती पाण्यात नाहीत, प्रोपेलरच्या झोतात आहेत. झोत आहे तोवर सुकाणू आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की झोत जातो आणि त्याच क्षणी वळण्याची ताकदही जाते. तळाला कणा नाही, त्यामुळे बोट जिकडे चालली होती तिकडेच घसरत राहते, कधी कधी आडवीही. मोटार चालवणाऱ्याचा पाय मात्र समोर अडथळा दिसला की आपोआप वर येतो. एअरबोटीवर नेमकं उलटं करावं लागतं: आधी दांडा वळवायचा आणि पॉवर देऊन शेपूट फिरवायची. अनुभवी चालक थांबण्यासाठी बोट अर्धं वर्तुळ फिरवतात आणि प्रोपेलरचा जोर उलट दिशेने देतात. हे मोकळ्या जागेत जमतं. अरुंद वाटेत वेग आधीच कमी ठेवणं एवढाच उपाय.

गवतात किंवा चिखलात पाय काढला तर बोट घर्षणाने लवकर थांबते. गुळगुळीत खोल पाण्यात ती बराच वेळ घसरते. एकाच फेरीत या दोन्ही जागा येतात, हे विसरू नये.

उलटते किंवा बुडते का?

दोन्ही होतं. इंजिन, प्रोपेलर, चालक सगळं उंचावर असल्याने जोरात वळताना तळाचा काठ कशात तरी अडकला की बोट उलटते. बुडण्याची रीत वेगळी. वेगात असताना अचानक पॉवर सोडली की बोटीने मागे उठवलेली लाट तिलाच गाठते आणि मागच्या बुटक्या काठावरून आत शिरते. सगळं वजन मागेच असल्याने भराभर पाणी भरतं. म्हणून खोल पाण्यात हळूहळू वेग उतरवायचा, आणि लाइफ जॅकेट घालायचं, बाकाखाली ठेवायचं नाही.

पिंजरा असताना प्रोपेलरचा धोका काय?

पिंजरा हात-पाय रोखतो. टोपी, चष्मा, ओढणी, पाण्याची बाटली, सेल्फी काठी रोखत नाही. प्रोपेलर मागे असल्याने पुढचं सगळं त्याच्याकडेच खेचलं जातं. पातं मोडलं की एका बाजूचा तोल जातो आणि काही सेकंदांत इंजिन पायांतून उखडू शकतं. दुरुस्तीनंतर इंजिनावर राहिलेला पाना हाही ठरलेला गुन्हेगार. बोट सुरू करण्याआधी इंजिनाभोवती एकदा हात फिरवायचा, आणि सुरू असताना मागे कोणालाही उभं करायचं नाही.

पर्यटनाच्या बोटीवर कानात बोळे का देतात?

कारण तासभर त्या आवाजात बसलात तर कान खरोखर खराब होतात. दिलेले बोळे घाला. लहान मुलांसाठी कान पूर्ण झाकणारे हेडफोन सोबत न्या, त्यांच्या कानात बोळे नीट बसत नाहीत.

कोरड्या जमिनीवरही चालते म्हणतात, खरं का?

काही अंतर, हो. तळाला घट्ट, गुळगुळीत पॉलिमरचा पत्रा लावलेला असतो, त्यावरून बोट ओल्या गवतावर आणि चिखलावर सहज सरकते. पुरेशी शक्ती असली तर बांधही चढते. खडकाळ जमिनीवर मात्र पत्र्याचे छिलके निघतात. थंड प्रदेशात हीच बोट बर्फावर बचावकार्यासाठी वापरतात, कारण बर्फ फुटला तरी ती तरंगत राहते.

हॉवरक्राफ्ट आणि एअरबोट एकच का?

नाही. हॉवरक्राफ्ट खाली हवा कोंबून रबरी झालरीच्या आत हवेची गादी करतं आणि त्यावर तरंगतं. ढकलायला त्यालाही मागे प्रोपेलर असतो, त्यामुळे फोटोत घोटाळा होतो. भारतीय तटरक्षक दलाकडे गुजरातच्या किनाऱ्यावर आणि इतरत्र दिसतात ती हॉवरक्राफ्ट, ग्रिफॉन ८००० टीडी जातीची. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आणखी सहांसाठी चौगुले कंपनीशी ३८७.४४ कोटी रुपयांचा करार केला आणि त्यांची बांधणी गोव्यात होतेय. झालर फाटली की हॉवरक्राफ्ट बसलं. एअरबोटीला फाटायला झालरच नाही, पण लाटांच्या समुद्रात ती हॉवरक्राफ्टच्या जवळपासही उभी राहत नाही.

२०१९ सारखा पूर आला तर कोल्हापूर-सांगलीत एअरबोट उपयोगी पडेल?

हा प्रश्न प्रत्येक पावसाळ्यात येतो. शिवारात, उसात आणि जलमय गावांच्या बाहेरच्या उथळ पाण्यात ती कामाची. कुंपणाच्या तारा, ऊस, वाहून आलेला कचरा यांत होडीचा पंखा अडकतो, हिचा नाही. पण गल्लीत शिरली की गणित बदलतं. झोताने पत्रे उडतात आणि छपरावर बसलेली माणसं हेलपाटतात. मागे घेता येत नाही. इंजिन चालू असताना हाका ऐकू येत नाहीत. वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा पिंजऱ्याला लागतात. आणि कृष्णेच्या भर प्रवाहात, खोल पाण्यात, पॉवर सोडली की सुकाणू जाणारी बोट मला तरी नको. एनडीआरएफच्या रबरी बोटींची जागा ती घेणार नाही. त्यांच्या सोबतीला, उथळ भागासाठी आणि शिकलेल्या चालकासह असेल तर गोष्ट वेगळी.

जलपर्णी काढायला वापरता येईल?

काढायला नाही, तिच्यावरून जायला. पंचगंगेत किंवा उजनीच्या फुगवट्यात पसरते तीच जलपर्णी फ्लोरिडाच्या तळ्यांतही आहे. तिथे एअरबोटीवर टाकी बसवून तणनाशक फवारतात. आपल्याकडे त्याच पाण्यावर नळयोजना चालतात, त्यामुळे फवारणीची नक्कल करण्याआधी दहादा विचार हवा.

निसर्गाचं नुकसान होतं का?

प्रोपेलर पाण्यात नसल्याने मॅनेटीसारख्या (समुद्रगाय) पाण्यातल्या संथ प्राण्यांना पात्याच्या जखमा होत नाहीत, हे खरं. पण त्याच वाटेने पुन्हा पुन्हा गेलं की सॉग्रास मरतं आणि पाण्याच्या नव्या पन्हळी पडतात, आणि आवाजाने पक्षी उठतात. १९८९ मध्ये एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात पूर्वेकडचा मोठा भाग जोडला गेला, तेव्हापासून उद्यानात एअरबोटींवर कडक मर्यादा आहेत.

चालवायला परवाना लागतो?

फ्लोरिडात पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या चालकाला १ जुलै २०१९ पासून ठरावीक प्रशिक्षण, प्रथमोपचार आणि सीपीआरचं शिक्षण सक्तीचं आहे. बोटीला सायलेन्सर लागतो. उंच गवतातून समोरची बोट दिसत नाही, म्हणून तळापासून किमान १० फूट उंच काठीवर १० बाय १२ इंचांचं नारिंगी निशाण लावावं लागतं.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी छोटी एअरबोट करतोय. काय सांभाळू?

थर्माकोल किंवा प्लायचा सपाट तळ, ब्रशलेस मोटर, आठ-दहा इंची प्रोपेलर. सर्वांत जास्त दिसणारी गडबड म्हणजे प्रोपेलर उलटा बसवणं. ज्या बाजूला आकडे छापलेत ती बाजू बोट जाणार त्या दिशेला, मोटर मागे असो वा पुढे. उलटा बसवला तरी तो फिरतो, वारा देतो, पण जोर निम्म्यावर येतो आणि पोरं मोटरला दोष देत बसतात.

जोर मोजायला बोट पाण्यात ठेवून सामान तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याला बांधा. बॅटरीचे वॉट आणि काट्यावरचा आकडा वेगवेगळ्या पॉवरला टिपा. जोर शक्तीच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो का, ते आलेख काढून पाहा. परीक्षकांना नुसती पळणारी बोट दाखवण्यापेक्षा हा आलेख जास्त बोलेल. सुकाणू प्रोपेलरच्या अगदी जवळ ठेवा. दहा इंची प्रोपेलरही हाताचं बोट कापतो, त्यामुळे टेबलावर चाचणी करतानाही जाळी लावलेली असू द्या.

एव्हरग्लेड्सला जायचं तर कुठे आणि कधी?

डिसेंबर ते एप्रिल. तेव्हा पाऊस नसतो, डास कमी असतात आणि पाणी आटल्याने प्राणी उरलेल्या डबक्यांभोवती जमतात. उन्हाळ्यात दुपारी विजांचं वादळ ठरलेलं. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतली फेरी हवी असेल तर मायामीहून पश्चिमेला जाणाऱ्या तमियामी ट्रेलवर कूपरटाउन, गेटर पार्क आणि एव्हरग्लेड्स सफारी पार्क हे तीन परवानाधारक आहेत. वीस जणांच्या बोटीपेक्षा सहा जणांची बोट महाग पडते, पण चालक इंजिन बंद करून बोलतो, प्रश्न विचारता येतात. पुढच्या बाकावर बसलात तर भिजाल, मागच्या बाकावर आवाज जास्त. आजी-आजोबा सोबत असतील तर मधला बाक धरा आणि तिकीट काढतानाच विचारा की बोटीत चढायला पायरी आहे का.